रुद्रची मुंज आणि नानांचं निझ्नी

गेर्लिंगेन,
सोमवार, १९ मे २०२५

चि. उत्कर्ष यास,
अ. उ. आ. हे सवयीने लिहिलंय, त्यातून काही अर्थ काढू नकोस.

व्हॉट्सअ‍ॅपवर मी तुला ब्लॉक केलंय. तुझे ते लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकायची माझी ताकद नाही. मध्येच कुत्रं दिसलं की तू कुत्र्याबद्दल बोलत सुटतोस. जे सांगायचं ते ईमेलवर, पत्रासारखं, वाक्यं पूर्ण करून लिही.

माझ्या सासऱ्यांना तू थोडे दिवस येनाला नेतो म्हणालास. तुझी खोली, तिथलं जुनं तारांगण आणि तुझं ते विद्यापीठ दाखवतो म्हणालास, ज्याला तुझा चेहराही आता आठवत नसेल. मी दशम्या बांधून दिल्या. आज नानांनी ग्रुपवर फोटो टाकला. मागे किल्ला, खाली नदी. मी ऑफिसातून त्याला अंगठासुद्धा दाखवला. मग कपिलने फोटो मोठा करून पाहिला तर पाटीवर रशियन अक्षरं.

उत्कर्ष, १४ जूनला रुद्रची मुंज आहे. हॉल ठरलाय, फ्रँकफर्टहून गुरुजी येणार आहेत, आणि नातवाची मुंज डोळ्यांनी बघायची म्हणून नाना आणि कपिलच्या आई पुण्याहून आलेत. नानांचा व्हिसा एका प्रवेशाचा आहे. पासपोर्टातल्या स्टिकरवर स्पष्ट ०१ छापलेलं असतं. एकदा हद्दीबाहेर पाय टाकला की तो संपला. तुझ्याकडे इथे राहायचं कार्ड आहे, त्यामुळे तू देश सोडतोस तो गॅलरीत गेल्यासारखा. त्यांच्याकडे कार्ड नाही. नवा व्हिसा मुंबईतूनच मिळतो, आणि त्याचं टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळायलाच महिना जातो.

म्हणजे तू माझ्या मुलाच्या मुंजीतून त्याचे आजोबा काढून घेतलेस. हे तुला समजलंय का, तेवढं कळव. आई तेव्हापासून जपमाळ घेऊन बसल्यात आणि मला काही विचारत नाहीत. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

लोभ वगैरे नंतर बघू.
मुक्ता


वेलिकी नोवगोरोद,
२२ मे

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

इथे मोबाइलचं इंटरनेट मधूनच बंद करतात, ड्रोन येतात म्हणून. हॉस्टेलचं वायफाय चालतंय तोवर लिहितो.

तर, येनाला आम्ही खरंच गेलो होतो. तारांगणात नाना झोपले. बाहेर आल्यावर म्हणाले, जुन्नरला अंगणात बाज टाकली की हे फुकट दिसायचं. मग स्टेशनवर उभे राहून मला विचारलं, इथून पुढे काय आहे. मी म्हटलं बर्लिन. त्याच्या पुढे? पोलंड. त्याच्या पुढे? असं करत करत आम्ही रशियात पोचलो, म्हणजे बोलण्यात. तेव्हा त्यांनी ओझरच्या कारखान्याचं काढलं. नोकरीला लागले तेव्हा विमानं जोडायला शिकवायला तिथे गोर्की शहरातले रशियन इंजिनियर होते. ते जेवणाच्या सुट्टीत आपल्या गावचा किल्ला कागदावर काढून दाखवायचे, आणि गाव मात्र परदेशी माणसाला बंद. आता त्याचं नाव निझ्नी नोवगोरोद आणि ते उघडं आहे. भारतीयांना व्हिसा चार दिवसांत मिळतो. मिळाला. तुझ्या दशम्या टॅलिनच्या बसमध्ये संपल्या, छान होत्या.

नार्वाला रशियाची हद्द लागते, तिथला पूल पायी ओलांडावा लागतो. अलीकडे एक किल्ला, पलीकडे एक किल्ला, मध्ये नदी, दोघं एकमेकांवर डोळे वटारून शेकडो वर्षं उभे. रांगेत एका बाईच्या पिशवीत मांजर होतं. मी त्या मांजराशी बोलत होतो तेवढ्यात काउंटरवरची बाई नानांना काहीतरी विचारत होती आणि नाना मान डोलवत होते. मला वाटलं हवापाण्याचं चाललंय. व्हिसाचं मला खरंच माहीत नव्हतं ताई. आपण जातो तसे सगळेच जातात असं वाटलं.

हे वेलिकी नोवगोरोद वेगळं, वाटेवरचं. इथल्या किल्ल्यात एक अजस्र स्मारक आहे, घंटेच्या आकाराचं, त्यावर राजे, साधू, सरदार, सगळे खच्चून बसवलेत, आपल्याकडच्या एसटीसारखे. नानांनी राजे बघितलेच नाहीत. ओतकामाचे सांधे कुठे दिसतात ते शोधत दोन फेऱ्या मारल्या. बसथांब्यावर सैन्यात भरती व्हा अशी मोठी पोस्टरं आहेत, त्यावर हसरा मुलगा, माझ्याच वयाचा. ते बघून नाना थांबले आणि मला हाताला धरून पुढे घेऊन गेले.

आणि तू जे आजोबा काढून घेतले म्हणतेस ना, तर त्या रविवारी मी तुझ्या सोफ्यावर जागाच होतो. नानांनी मुंजीच्या तोरणासाठी भिंतीला ड्रिलने एक भोक पाडलं. रविवारी इथे आवाज करायचा नसतो हे त्यांना कोण सांगणार. खालची बाई येऊन ओरडून गेली आणि तू काय केलंस? सगळं मीच सांगायचं का?

थोडा लोभ उरला असेल तर राहू दे.
उत्कर्ष


गेर्लिंगेन,
२४ मे

चि. उत्कर्ष यास,
अ. उ. आ.

सांगते ना. मी नानांना जर्मनमध्ये माफी मागायला शिकवलं. चॉकलेटचा डबा दिला आणि त्यांच्याबरोबर खाली गेले. कारण या खालच्या फ्राउ क्नाप्पने याआधी दोनदा घरमालकाला पत्र टाकलंय, एकदा रुद्रच्या धावण्यावरून आणि एकदा फोडणीच्या वासावरून. स्टुटगार्टच्या आसपास घर मिळायला आम्हाला काय काय करावं लागलं ते तुला माहीत नाही, कारण तुला घर कधी शोधावंच लागलेलं नाही. तू आहे त्या घरात येऊन आडवा होतोस. ज्याने भोक पाडलं त्यानेच माफी मागायची, हा इथला रिवाज आहे. मी मागून चाललं नसतं.

रुद्र त्यांचे उच्चार सुधारत होता हे मला आवडलं होतं असं तुला वाटतं? तो आठ वर्षांचा आहे. तो माझेही उच्चार सुधारतो.

आता तुझ्या मांजराच्या गोष्टीनंतर माझी ऐक. रुद्रच्या वर्गात युद्धामुळे खार्किवहून आलेली एक मुलगी आहे. काल शाळेच्या दारात तिच्या आईने सहज विचारलं, आजोबा दिसत नाहीत हल्ली. मी म्हटलं, येनाला गेलेत. ती म्हणाली, छान गाव आहे. तिचा सैन्यात गेलेला भाऊ कुठे आहे हे तिला दोन वर्षं माहीत नाही, आणि माझे सासरे तिकडे किल्ल्यांसमोर फोटो काढतायत. मला त्या बाईच्या डोळ्यांत बघवेना. हे तुम्हा दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही.

कपिलने वकिलाला विचारलं. मुंजीपर्यंत नानांना परत आणायचा कायदेशीर मार्ग नाही. आता तू एकच काम कर. त्यांना सरळ सांग की मुंज हुकली. हे तू सांगायचंस, मी नाही. आणि मग तू एकटा परत ये. बटूला बोहल्यावर आणायला मामा लागतो, आणि दुर्दैवाने रुद्रला एकच मामा आहे.

एवढं केलंस तर तुझ्याशी बोलायचं की नाही याचा विचार करीन.
मुक्ता


त्वेर,
२८ मे

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. व्होल्गाच्या काठावर एका व्यापाऱ्याचा पुतळा आहे त्याच्या पायथ्याशी. हा माणूस पंधराव्या शतकात इथून निघाला, घोडा विकायला, आणि फिरत फिरत चौलला उतरून चक्क जुन्नरला पोचला. अख्खा पावसाळा तिथे राहिला म्हणे. नानांच्या गावाला. मला हे काहीच माहीत नव्हतं, शाळेत असेल तर मी त्या दिवशी गेलो नसेन. नानांना माहीत होतं. त्यांनी टोपी काढून पुतळ्याला नमस्कार केला, गावाकडचं कोणी भेटल्यासारखा. मग सांगितलं, बिचारा परत येताना वाटेतच गेला, हे गाव काही त्याला पुन्हा दिसलं नाही.

तेव्हा मी तोंड उघडलं. म्हटलं नाना, मोठी चूक झाली, तुमचा व्हिसा संपला, मुंज हुकली. ते पाण्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता रडतात की काय, मी पाण्याची बाटली पण उघडून धरली. तर म्हणाले, ते मला ठाऊक आहे, तुझ्या बहिणीला मीच लिहितो. आणि उठून चहा शोधायला निघाले.

ताई, मी त्या पायरीवर किती वेळ बाटली धरून बसलो होतो कोण जाणे. तू मला शिव्या घालतेस त्या मी घेतो, सवय आहे. पण यातल्या निम्म्या तरी आता पत्ता बदलून पाठव.

त्यांचं पत्र उद्या-परवा माझ्याच फोनवरून येईल. मी ते वाचायचं नाही, असं त्यांनी आत्ताच बजावलंय.

माझ्याबद्दलचा उरलासुरला लोभ जपून ठेव, लागेल असं दिसतंय.
उत्कर्ष


निझ्नी नोवगोरोद,
३१ मे २०२५

चि. सौ. मुक्ता हिस,
मधुकरचे अनेक उत्तम आशीर्वाद. तुम्हा सर्वांचे क्षेम इच्छितो.

उत्कर्षला बोल लावू नये. पोरगा वेंधळा आहे, लबाड नाही. माझ्या व्हिसावर काय छापले आहे ते मी मुंबईच्या विमानतळावरच वाचले होते. यंत्राला हात लावण्याआधी त्यावरची पट्टी वाचायची, ही आमची ओझरची शिस्त. नार्व्याच्या पुलावरच्या बाईंनीही इंग्रजीत विचारले की परत येता येणार नाही हे माहीत आहे ना. मी हो म्हटले.

कारण विचारशील, तर सांगतो. भिंतीला भोक पाडायला मला चुटकीसरशी जमले. माफी पाठ करायला तुझ्या स्वयंपाकघरात दुपार गेली. तू वाक्य म्हणायचीस, मी म्हणायचो, आणि नातू चूक काढून हसायचा. कपिल तिथेच फोनमध्ये तोंड घालून बसला होता. तुझी अडचण मला समजत नाही असे नाही. पण ज्या मुलाने माझी माफी तपासली त्याच्या कानात मंत्र पडताना मी शेजारी कोणत्या तोंडाने बसायचे, हे मला ठरवता आले नाही. म्हणून मी ठरवायची वेळच येऊ दिली नाही.

मुंज ठरल्याप्रमाणे करावी. माझ्यासाठी पाट मांडून ठेवू नये, ते मला आवडत नाही. येथील किल्ला लाल विटांचा आहे आणि उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो, अगदी कागदावर काढून दाखवला होता तसाच. मी १५ जूनला मॉस्कोहून मुंबईस निघेन. तिकीट येनातच काढले आहे.

सौ. संध्याला वाचून दाखवावे. रुद्रला आशीर्वाद. तुझ्या मनात माझ्याविषयी असेल ते असो, त्यात बदल करण्याचा माझा आग्रह नाही.
मधुकर


गेर्लिंगेन,
२ जून

चि. उत्कर्ष यास,
अ. उ. आ.

पत्र आईंना वाचून दाखवलं. माफीचा परिच्छेद मी भरभर वाचून टाकला. मी ते का केलं ते तुला लिहिलंय, त्यांना पुन्हा लिहिणार नाही. आईंनी ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं, तेही सावकाश. मला वाटलं आता माझं काही खरं नाही. तर त्या हसायला लागल्या. या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

म्हणाल्या, कपिलच्या मुंजीला हे कुठे होते माहीत आहे का. मला कसं माहीत असणार. आदल्या दिवशी विजापूरला गोलघुमट बघायला निघून गेले होते. पत्रिकेत त्यांच्या आधी थोरल्या भावाचं नाव छापलं, हा राग. मंत्र काकांनी दिला. हे संध्याकाळी आले ते सगळं आटपून पानं वाढायच्या वेळेला, आणि घुमटात आवाज कसा सात वेळा फिरतो ते पाहुण्यांना सांगत बसले. कपिल जन्मला तेव्हा खजुराहो. आईंच्या सासूबाई काहीतरी बोलल्या होत्या. मग आई जपमाळ खाली ठेवून मला म्हणाल्या, मुक्ता, तू वाईट वागलीस यात शंका नाही, पण तुझ्या वागण्यामुळे ते गेले असं समजू नकोस. त्यांची बॅग भरायच्या आधी राग भरून तयार असतो.

मग थोड्या वेळाने म्हणाल्या, लोक म्हणतात यांनी केवढा देश पाहिला. मी दार पाहिलं.

कपिल हे ऐकत उभा होता. मग बाल्कनीत जाऊन त्या तोरणाच्या भोकासाठी स्क्रू शोधत बसला.

म्हणजे तू नानांना पळवलं नाहीस, त्यांनी तुला नेलं. त्यांना बॅग उचलायला आणि मोबाइल चालवायला कोणीतरी हवा होता. पण त्यामुळे तू सुटलास असं नाही. बाबांवर चिडून तू पुणं सोडलंस, प्रोफेसरवर चिडून येनाचा वर्ग सोडलास, आणि माझ्यावर चिडायला कारण मिळालं तसा माझा सोफा सोडलास. हिशोब तुझा तू जुळव.

आणखी एक. तुझी वाट बघण्यात अर्थ नाही म्हणून कपिलने त्याच्या ऑफिसातल्या वेदांगला विचारलं. मामा म्हणून रुद्रला बोहल्यावर आणायला तो तयार आहे. साधा, वेळेवर येणारा मुलगा आहे. तेव्हा तू आता मनसोक्त किल्ले बघ.

लोभाची रजा मंजूर.
मुक्ता


निझ्नी नोवगोरोद,
६ जून

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी नानांना वाचून दाखवलं. तुझा सूड घ्यायचा म्हणून नाही, त्यांचा सूड घ्यायचा म्हणून. आम्ही व्होल्गाकाठी उतरणाऱ्या त्या भल्या मोठ्या जिन्यावर बसलो होतो. दोन वेटोळी एकमेकांत गुंतवलीत, वरून बघितलं की इंग्रजी आठाचा आकडा. गोलघुमटापर्यंत आलो तेव्हा ते म्हणाले, आवाज सात वेळा नव्हे, जास्त वेळा फिरतो. रात्री जेवले नाहीत. मला वाटलं बटाट्याच्या पेलमेनीचा, त्या उकडलेल्या करंज्यांचा, कंटाळा आला.

काल सकाळी मी नदीवरच्या केबल कारमध्ये बसलो, त्यांना उंचीची भीती म्हणून ते खाली थांबले. ठरलं होतं की दुपारी किल्ल्याच्या मोठ्या बुरुजाखाली भेटायचं. पलीकडच्या गावात एक म्हातारा वाळवलेले मासे विकत होता, त्याच्याकडे भारताचं नाणं होतं, त्यात थोडा वेळ गेला. पण फार नाही. मी बुरुजाखाली आलो तर नाना नाहीत. इंटरनेट बंद. संध्याकाळपर्यंत तिथे उभा होतो. शाळेच्या सहली आल्या, नवराबायकोची जोडपी फोटो काढून गेली, एक पोलीस दोनदा येऊन कागद बघून गेला. मी प्रत्येक टोपीवाल्या म्हाताऱ्याच्या मागे धावलो.

हॉस्टेलवर आलो तर त्यांची खाट आवरलेली, पांघरुणाची घडी. काउंटरवरच्या मुलीने निरोप दिला. आजोबा काझानला गेले, तिथूनच मॉस्को करतील, काळजी नको. आणि आणखी असं की, घरची पत्रं मोठ्याने वाचणाऱ्याबरोबर प्रवास करणं त्यांना जमणार नाही. हे त्यांनी तिला रशियनमध्ये सांगितलं, ओझरच्या रशियनमध्ये, आणि तिला ते फारच गोड वाटलं. मी तिच्यावर ओरडलो. तिची काही चूक नव्हती.

ताई, मला इतका राग आयुष्यात कोणाचा आला नव्हता. तुझासुद्धा. तीन आठवडे त्यांच्या गोळ्यांची वेळ मी सांभाळली, व्हेज काय आहे ते दर दुकानात मी विचारलं. आणि ते बसल्या जागी राग शिजवून, निरोप ठेवून, पुढे. रात्रभर हेच. पहाटे कधीतरी आठवलं की संध्याकाकूंनी हे चाळीस वर्षं केलंय, आणि त्यांना निरोप द्यायला काउंटरवर कोणी नव्हतं.

सकाळी स्टेशनवर गेलो. खिडकीपुढे उभा राहिलो आणि माझ्या तोंडून आधी काझानच निघालं. त्यांच्या मागे जायला नाही. नुसतंच, अजून पाहिलं नाही म्हणून. बाईने विचारलं नक्की का. मागे रांग खोळंबली होती.

पीटर्सबर्गचं काढलं. तिथून नार्वा, टॅलिन, बर्लिन, जशी बस मिळेल तशी. मी माफी मागायला येत नाही हे आधीच सांगतो, आणि तू मला काही पाठ करून घेऊ नकोस. रुद्रला सांग, मामा येतोय. वेदांग की कोण त्याला म्हणावं, तू जेवून जा, पण पोराला हात लावू नकोस.

लोभाची रजा रद्द करावी ही विनंती.
उत्कर्ष


गेर्लिंगेन,
७ जून

चि. उत्कर्ष यास,
अ. उ. आ.

नानांचा फोटो आला, पांढरा किल्ला आणि निळी मशीद. खाली लिहिलंय, प्रकृती उत्तम. आईंनी पाहिला आणि फोन उलटा ठेवला. पुण्याच्या घराची किल्ली त्यांच्या पर्समध्ये आहे आणि त्यांचं परतीचं तिकीट जुलैचं आहे. ही गोष्ट नानांना कळवू का असं मी विचारलं. म्हणाल्या, दारापर्यंत जाऊ देत की.

मुंज होणार. मातृभोजनाला आई माझ्या शेजारी बसणार आहेत, कपिल मंत्र मोबाइलवर लावून ऑफिसला जाता-येता म्हणतोय. काल रुद्रने त्याची चूक काढली. मी रुद्रला उठवून दुसऱ्या खोलीत पाठवलं.

सोफा तुला मिळणार नाही, त्यावर माझी नणंद स्नेहलता आणि तिची मुलगी झोपणार आहेत. येनाला जाऊन अंघोळ कर, दाढी कर, धोतर कपिलचं मिळेल. हॉल शनिवारी सकाळी सातला उघडतो. खुर्च्या लावायला माणसं कमी आहेत.

वेदांगला मी अजून नको म्हणून सांगितलेलं नाही. तू हॉलच्या दारात दिसलास की सांगीन.

मुक्ता